शिकवायची फी घ्यावी का?
म्हसवडच्या उदाहरणावरून एक पाठ

मैत्रिणींनो, आपल्या बऱ्याच गटांत शिकवू शकणारी एक तरी ताई असते. कुणाची शिवण चांगली असते, कुणी बारावी होऊन गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेते. शिकवते, पण पैसे मागायला लाजते. "सगळ्या ओळखीच्याच, काय मागायचं?" दोन महिने फुकट चालतं. मग सुया संपतात, मशीनचा पट्टा तुटतो, खुरपणी निघते आणि वर्ग बंद पडतो. दुसरीकडे भरमसाट फी घेऊन नोकरीची आशा दाखवणारे क्लासही आपण पाहतो. वर्ग टिकला पाहिजे आणि शिकणारीही लुबाडली जाऊ नये, असं कसं जमवायचं, हा आजचा पाठ.

उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचं, म्हणजे कायम दुष्काळी भागातलं. चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात काम केलेल्या, लग्न करून म्हसवडला आल्या. तिथे रस्त्याकडेला वेल्डिंगचं काम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी डोक्यावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, त्यासाठी तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम इतकी लहान, की बँक खातं उघडायला तयार नव्हती. तेव्हा बायकांचीच बँक काढायचं ठरलं. पण रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर बऱ्याच जणींचे अंगठे होते. सभासद निरक्षर, म्हणून परवाना नाही.

पुढे जे घडलं तेच आपल्या कामाचं आहे. बायका म्हणाल्या, लिहायला येत नाही तर शिकू की! दिवसभराचं काम उरकून अक्षरवर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या, बघू कोण आधी काढतं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बघा, या बायका काही अडाणी नव्हत्या. हिशोब त्यांच्या तोंडी होता, कागदावर नव्हता. शिकवणारीने आधी हे ओळखायला हवं, की समोरचीला काय येतंच आणि नेमकं कुठे अडतंय.

नंतर दिसलं, की नुसतं कर्ज देऊन धंदा चालत नाही. 2006-07 च्या सुमारास माणदेशी फाउंडेशनने ग्रामीण महिलांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा काढली. बाई शाळेपर्यंत येऊ शकत नाही, तर शाळाच बसमध्ये बसवून गावोगाव नेली. बँकेचंही तसंच होतं. खात्यात पैसे भरायला गेलं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बँकेची माणसं दारात जाऊ लागली. 2013 मध्ये फोनवरून सल्ला मिळण्याची मोफत सोय झाली. वेळ आणि जागा शिकणारीच्या सोयीची, हे या सगळ्याच्या मुळाशी आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. त्या शाळेला मोठ्या बँकेची मदत मिळत आली आहे. आपल्या गटाला तशी मिळेल असं धरून चालू नका. आपला वर्ग आपल्या फीवरच उभा राहायला हवा. म्हणून आता वही काढा.

समजा, शिवणवर्ग काढायचा आहे. मशीन सहा, शिकणाऱ्या बारा. निम्म्या कटिंगला, निम्म्या मशीनवर. महिन्याचा खर्च असा धरू: खोलीभाडं 1000 रुपये, वीज 300, तेल-सुया-दुरुस्ती 500, कागद-कापड-दोरा 1000, शिकवणाऱ्या ताईचं मानधन 6000. झाले 8800. इथेच बहुतेक जणी थांबतात. मशीन झिजते, ते कोण धरणार? सहा मशीन 6000 प्रमाणे 36000 ची. पाच वर्षं म्हणजे 60 महिने चालतील असं धरलं, तर महिन्याला 600 बाजूला पडलेच पाहिजेत. एकूण 9400.

आता याला बाराने भागू नका. दोघींना पूर्ण फी झेपणार नाही, त्यांची निम्मी घ्यायची. म्हणजे अकरा पूर्ण फी. त्यातली एखादी मध्येच सुटणार, माहेरी जाईल, आजारी पडेल. राहिल्या दहा. 9400 भागिले 10, म्हणजे 940. फी 950 ठेवा. एक सुटली तर 9500 येतील, 100 रुपये उरतील. कुणीच सुटली नाही तर 10450 येतील आणि 1050 राखीव फंडात जातील. निम्म्या फीचा भार कुठून निघणार हे आधीच धरलंय, म्हणून कुणावर उपकार केल्याची भाषा करावी लागत नाही. निम्मी फी कुणाची, हे वर्गात सगळ्यांसमोर बोलायचंही नाही.

मानधनाला मात्र कात्री लावू नका. "आपलीच आहे, थोडं कमी घेईल" असं म्हणून गावातल्या किती चांगल्या शिकवणाऱ्या गमावल्या गेल्या!

950 एकदम मागितले तर मजुरीला जाणारी बाई येणार नाही. जिथे डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी होतं, तिथे 320, 320 आणि 310 असे तीन हप्ते करा. रक्कम तीच, पण हातात पैसा असतो त्या दिवशी मागितलेली.

आता प्रामाणिकपणाचं. जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आपण आरसेटी म्हणतो. तिथे राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळतं. फी घेण्याआधी हे शिकणारीला सांगा. "मग आपल्याकडे कोण येईल?" असं अध्यक्षताई विचारतीलच. तान्हं बाळ आहे, गोठ्यात म्हैस आहे, घर सोडून राहता येत नाही अशी बाई येईल, आणि ती माहिती घेऊन, स्वतः ठरवून येईल. वर्ग संपल्यावर नोकरी लावून देऊ असं तोंडातून काढू नका. काय येईल ते सांगा: तीन महिन्यांत ब्लाउज, परकर आणि शाळेचा गणवेश. प्रमाणपत्र द्यायचं तर त्यावर गटाचं किंवा ग्रामसंघाचं नाव असू द्या, सरकारी वाटेल असा शिक्का नको. आणि वर्गाला आलीस तरच कर्ज, किंवा कर्ज घेतलंस म्हणून वर्गाला बस, अशी सांगड घालू नका. वर्गाची वही, पावतीपुस्तक आणि गटाचा अंतर्गत व्यवहार वेगळा ठेवा.

पुढच्या बैठकीत पाच घरांची कामं वाटून घ्या. प्रत्येकीने त्या घरातल्या बाईला दोनच प्रश्न विचारायचे: दिवसात कुठला तास तुझा स्वतःचा असतो, आणि महिन्यात कुठल्या तारखेला पैसे हातात येतात? उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहा. वर्गाची वेळ आणि फीचे हप्ते त्यावरून ठरवा, मग वरचा हिशोब आपल्या गावच्या भाड्याने आणि मजुरीने पुन्हा मांडून प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या.