लेखणी अडते तेव्हा

निबंधाची वही पुढ्यात आहे, विषय ठाऊक आहे, परंतु पहिले वाक्य काही केल्या सुचत नाही. सुचलेच तर लिहून होताच खोडावेसे वाटते. हा अनुभव कोणत्या विद्यार्थ्यास नाही? अशा वेळी ‘मला प्रतिभाच नाही’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. तो निकाल किती उतावीळ असतो, हे आपल्याच ग्वाल्हेर संस्थानात जन्मलेल्या एका कवीने फार चांगले दाखविले आहे.

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. वडील संस्थानच्या पोलीस खात्यात होते. १९३० साली मिडलच्या परीक्षेत मुक्तिबोध चक्क नापास झाले! घरची भाषा मराठी. बंधू शरच्चंद्र मराठीत कविता करीत, हे मात्र हिंदीत लिहू लागले. (एका घरात दोन भाषा नांदणे आम्हां ग्वाल्हेरकरांस नवीन नाही.)

‘तीसरा क्षण’ या लेखात केशव नावाच्या मित्राशी होणाऱ्या संभाषणातून त्यांनी निर्मितीचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनाचित्र बनतो, त्याचा. तिसरा, ते चित्र शब्दांत उतरू लागल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा.

समजा, किल्ल्यावर उरवाईच्या वाटेने चढताना कड्यात कोरलेल्या भव्य जैनमूर्तींपुढे आपण थबकलो. पुढे काही दिवसांनी त्या घडविणारा एखादा अनाम कारागीर डोळ्यांपुढे उभा राहिला. आपली दमछाक मागे पडली. मग आपण लिहावयास बसलो. कारागीर तापट दाखवावयाचा असे ठरविले होते. शब्द येता येता तो थकलेला निघाला. इथेच आपण घाबरतो व पान फाडतो. वस्तुतः शब्दांना त्यांचे स्वतःचे जुने अर्थ असतात. त्यांच्या संगतीत मूळ चित्र बदलतेच, असे मुक्तिबोधांचे म्हणणे. शेवट आधी ठाऊक नसणे हा लेखकाचा दोष नव्हे.

तेव्हा लेखणी अडली की ती कोणत्या क्षणी अडली, हे आधी पाहावे. काही पाहिलेच नसेल तर वही मिटून बाहेर पडावे. सकाळच्या भांडणावर संध्याकाळी लिहिता येत नसेल, तर राग अजून ओला आहे. चार दिवस जाऊ द्यावेत. परंतु बहुधा आपण तिसऱ्या क्षणी अडतो, आणि ती अडचण बसून विचार केल्याने सुटत नाही, लिहिल्यानेच सुटते. खोडलेली ओळ वहीत राहू द्यावी; वाट कुठे वळली ते तिच्यावरूनच कळते.

स्वतः मुक्तिबोध आपल्या दीर्घ कविता वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहीत. राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाही ‘अँधेरे में’ या कवितेवर त्यांचे काम चालूच होते. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते दिल्लीत निवर्तले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला. छापलेली प्रत पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.