फवारणी पंपाच्या बॅटरीस योग्य चार्जर

अमरावती व अकोला जिल्ह्यांत कपाशी व तुरीवरील फवारणीसाठी बॅटरीचे पंप आता सर्रास वापरात आहेत. काहींत शिसे-आम्लाची, तर काहींत वजनाने हलकी लिथियम-आयन बॅटरी असते. दोहोंवर बहुधा '१२ व्होल्ट' असेच लिहिलेले असल्याने एकीचा चार्जर दुसरीस लावण्याची चूक घडते.

सामान्य लिथियम-आयन घटास ४.२ व्होल्टपेक्षा अधिक दाब सोसत नाही. म्हणून तीन घटांच्या बॅटरीस १२.६ व्होल्टवर थांबणारा चार्जर हवा. शिसे-आम्लाचा चार्जर १४ व्होल्टच्याही वर जातो. अशा जादा दाबाने घट तापतात, फुगतात व प्रसंगी पेट घेतात.

चार्जर घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. बॅटरीचा प्रकार व चार्जिंगचे व्होल्ट माहितीपत्रकात वाचावेत. लिथियम फॉस्फेटच्या चार घटांस १४.६ व्होल्ट लागतात.

२. चार्जरवरील 'आउटपुट'चे व्होल्ट त्याच आकड्याशी जुळावेत. अँपिअर बॅटरीच्या मर्यादेबाहेर नसावेत.

३. बॅटरी भरताच प्रवाह आपोआप तोडणारा, भारतीय मानकाची खूण असलेला चार्जर पसंत करावा.

चार्जिंग दिवसा, देखरेखीखाली, कापूस व कुटार यांपासून दूर करावे. फुगलेली बॅटरी मुळीच चार्ज करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी प्रत्येक पंपाचे हे आकडे शेतकऱ्यांसमक्ष पडताळावेत. चार्जर पुन्हा विकत मिळेल. घरात साठविलेला वर्षाचा कापूस एकदा जळाला म्हणजे परत मिळत नाही.