संदर्भांची नोंद आणि झोटेरो : कृतिसंशोधन करणाऱ्या शिक्षकांसाठी



कृतिसंशोधनाचा किंवा नवोपक्रमाचा अहवाल लिहिताना सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत काय होतं? संदर्भसूची. डी.एड.ला असल्यापासून माझी समजूत अशीच होती, की सूची म्हणजे शेवटचं एक पान, भरायचं म्हणून भरायचं. ही समजूत कशी मोडली ते आधी सांगते, मग सॉफ्टवेअरकडे येते.

काही वर्षांपूर्वी चौथीच्या मुलांच्या प्रकट वाचनावर मी कृतिसंशोधन केलं. सूचीत २७ संदर्भ होते. काही वहीत लिहिलेले, काही मोबाइलमधले फोटो, काही वर्डच्या फाइलमध्ये. सादरीकरणाच्या वेळी एका ज्येष्ठ परीक्षकांनी एका नोंदीवर बोट ठेवलं. "बाई, हे पुस्तक १८३२ सालचं? तेव्हा लेखकाचा जन्म तरी झाला होता का?" सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? पुस्तक मी पाहिलेलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी अहवालातून ते वाक्य आणि त्याचा संदर्भ उतरवून घेतला होता. मूळ पुस्तकावर होतं 'शके १८३२', म्हणजे इ.स. १९१०. उतरवता उतरवता 'शके' गळून पडलं आणि ७८ वर्षांची चूक माझ्या नावावर जमा झाली.

हसण्यावारी नेलं असतं, पण पुढे ग्रंथालयात ते पुस्तक खरंच हाताला लागलं. 'मूल चुकलं की तिथल्या तिथे थांबवावं' अशा अर्थाचं ते वाक्य लेखकाने पाठांतराबद्दल लिहिलं होतं, वाचनाबद्दल नाही. आणि मी त्याच्या आधारावर एक आख्खं सत्र मुलांना वाचताना शब्दाशब्दाला थांबवत होते. एका मुलाने तर त्या सत्रात वाचायला हात वर करणंच सोडलं होतं. अहवालात मी त्याची नोंद 'प्रतिसाद कमी' अशी केली होती.

आपल्याच पेठेतलं उदाहरण

१९१० हे साल आम्हा सदाशिव पेठेतल्या लोकांना तसं ओळखीचं. त्याच वर्षी ७ जुलैला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्याआधी १८९८ मध्ये राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला होता आणि पुढे तिचे २२ खंड झाले. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळून त्यांनी कागद जमवले. अस्सल कागदाशिवाय विधान करायचं नाही, हा त्यांचा आग्रह. आपली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदही याच पेठेत, कुमठेकर रस्त्यावर आहे. आपण आपले नवोपक्रम जिथे पाठवतो, तिथून मंडळ चालत जाण्याच्या अंतरावर. मला हे शेजारपण उगाचच आवडतं.

चिठ्ठ्यांची पद्धत पाहायची असेल तर मात्र नदीपलीकडे येरवड्याला डेक्कन कॉलेजचं उदाहरण घ्यावं लागेल. तिथे डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृत महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे १५०० ग्रंथ वाचून अंदाजे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो कुठल्या ग्रंथात आला, नेमका कुठे आला, हे लिहिलेलं. कोशाचा पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडलं. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा एक आणि वर्षानुवर्षांनी ती वाचणारा भलताच कुणीतरी. 'माझ्या लक्षात राहील' हा हिशोब तिथे चालणारच नव्हता.

झोटेरो नेमकं काय करतं?

तेच चिठ्ठ्यांचं कपाट, संगणकात. झोटेरो मोफत आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्राने ते २००६ मध्ये काढलं, म्हणजे मुळात इतिहासवाल्यांनीच. मेंडेली, एंडनोट अशी दुसरीही सॉफ्टवेअर आहेत, पण एंडनोट विकत घ्यावं लागतं आणि मी ती दोन्ही फारशी वापरलेली नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

प्रत्येक पुस्तकाची, लेखाची एक नोंद करायची. लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल यांचे रकाने तयारच असतात. नोंदीला पीडीएफ जोडता येते, स्वतःचं टिपण लिहिता येतं. एकच नोंद 'वाचन', 'गणित', 'पालकसभा' अशा कितीही गटांत ठेवा, पुस्तक एकच राहतं. वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये लिहिताना झोटेरोचं बटण दाबून नोंद निवडली की मजकुरात संदर्भ येतो आणि शेवटी सूची आपोआप तयार होते. मार्गदर्शकांनी ऐनवेळी सांगितलं की एपीए नको, एमएलए हवं, तर शैली बदलायला अर्धा मिनिट लागतो. यासाठी मी पूर्वी रात्र घालवलेली आहे.

इथपर्यंत सगळं सोपं. खरी मेहनत मराठी पुस्तकांना लागते आणि ती कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजी लेख असेल तर ब्राउझरमधल्या बटणावर एक क्लिक केली की बरेचदा सगळी माहिती येते. मराठीत तसं फार कमी वेळा होतं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन क्रमांकच नाही, कारण ही पद्धतच १९७० च्या आसपासची. नव्या पुस्तकाचा क्रमांक टाकला तरी माहिती मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर बरेचदा रोमन लिपीत. राजवाडे कधी 'व्ही'ने लिहिलेले, कधी 'डब्ल्यू'ने. मग एकाच पुस्तकाच्या तीन नोंदी होतात आणि लिपी वेगळी असल्याने सॉफ्टवेअरला त्या एकच आहेत हे कळत नाही. म्हणून पुस्तक समोर ठेवायचं आणि शीर्षकपृष्ठावर जसं छापलंय तसं देवनागरीत स्वतः टाइप करायचं. आडनाव एका रकान्यात, नावाची आद्याक्षरं दुसऱ्यात. टाइप युनिकोडमध्येच करा. शाळेतल्या जुन्या संगणकावरच्या फॉन्टमधून मजकूर चिकटवलात तर चिन्हांची खिचडी होईल.

शके असेल तर ७८ मिळवून इ.स. लिहा आणि मूळ शक 'एक्स्ट्रा' नावाच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवा. (शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे पौष-माघातलं पुस्तक असेल तर ७९ मिळवायची वेळ येऊ शकते. महिना छापलेला असतो, बघून घ्या.) मराठी आणि इंग्रजी संदर्भ वेगवेगळे द्यायला सांगितले असतील तर आणखी एक अडचण आहे, कारण झोटेरो एकत्रच सूची करतं. मी दोन गट करून त्यांच्या दोन सूची वेगळ्या काढते. त्या मजकुराशी जोडलेल्या राहत नाहीत, त्यामुळे हे काम अगदी शेवटी. फाइलींसाठी मोफत जागा ३०० एमबी मिळते. मोबाइलने काढलेले स्कॅन जड असतात, ते संगणकावरच ठेवा आणि पेनड्राइव्हवर एक प्रत घ्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. प्रत्येक नोंदीला मी दोनपैकी एक टॅग लावते: 'स्वतः पाहिलं' किंवा 'दुसरीकडून घेतलं'. दुसऱ्याला लाल रंग दिलाय. अहवाल देण्याआधी लाल नोंदी उघडायच्या. पुस्तक मिळालं तर पाहायचं. नाही मिळालं तर ज्याच्या अहवालात वाचलं त्याचं नाव देऊन 'यांच्या लेखात उद्धृत' असं सरळ लिहायचं. त्यात कमीपणा नाही. हे काम झोटेरो करत नाही. ते तुमचं १८३२ अतिशय सुंदर, स्वल्पविरामांसकट छापून देईल. चॅटजीपीटीसारख्या साधनांना संदर्भ विचारले तर कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं मिळतात. झोटेरो तीही तितक्याच नीटनेटकेपणे सूचीत बसवेल.

पालकांसाठी

'आपली पेठ' हा प्रकल्प दिला की मुलं छापील कागद आणतात. "कुठून आणलं?" "गुगलवरून." यात मुलांची चूक नाही, आपण कधी शिकवलंच नाही. यंदा मी चौथीच्या मुलांना पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या दिल्या. वर माहिती, खाली तीन ओळी: कोणी सांगितलं किंवा लिहिलं, कुठे, कधी. घरी एवढंच विचारा आणि चिठ्ठी तुम्ही भरू नका. अक्षरावरून आम्हाला कळतं!

पेशवेकाळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरातल्या हौदांत पाणी येई. बऱ्याच मुलांनी हाच विषय घेतला. एका मुलीने आजीला विचारलं. तिच्या चिठ्ठीवर 'कोणी सांगितलं' पुढे असं होतं: 'आजीने. पण आजीने हौदावर पाणी भरलेलं नाही. तिला तिच्या सासूबाईंनी सांगितलं.' मी काहीच समजावून दिलं नव्हतं.

ती चिठ्ठी मी झोटेरोत घातली आहे. नोंदीचा प्रकार मुलाखत, तारीख, ठिकाण राहतं घर, टिपणात मुलीचं वाक्य जसंच्या तसं. टॅग लाल.