स्ट्रेन कुठला ते नंतर, आधी पाणी पाजा

पावसात मुंबईतल्या हिंदमाता भागात पाणी तुंबलं की आमच्या चाळीत पोटाची धास्ती सुरू होते. पाणी उकळायचं, पाणीपुरी बंद. दिवाळी सरली की ही शिस्तही सरते. मुंबईत लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसचा जोर मात्र थंडीत जास्त असतो.

माझ्या नातीला जानेवारीतच झाला. आधी उलट्या, मग ताप, मग पाण्यासारखे जुलाब. एका दवाखान्यातून अँटिबायोटिकची बाटली आली. विषाणूवर तिचा काडीचा उपयोग नाही, हे तिथे कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी बाटली बंद केली आणि शीची तपासणी सांगितली. एलायझा नावाच्या त्या तपासणीत रोटाव्हायरस निघाला. लगेच घरात एकच घोष, "पण स्ट्रेन कुठला?" कोविडने लावलेली खोड, दुसरं काय!

एलायझा विषाणू आहे की नाही, एवढंच सांगते. स्ट्रेन, म्हणजे विषाणूचा नेमका प्रकार, ओळखायला आरटी-पीसीआर लागते. विषाणूच्या दोन प्रथिनांच्या जनुकांवरून त्याचे 'जी' आणि 'पी' क्रमांक ठरतात : जी१पी[८], जी२पी[४], जी९पी[८] वगैरे. हे काम संशोधन संस्थांचं. त्यातली एक, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र, आमच्या शेजारीच परळला, हाफकिन संस्थेच्या आवारात आहे. लस देऊनही कुठले प्रकार फिरतात, हे या तपासणीतून कळतं. आपली रोटाव्हॅक लस तर दिल्लीच्या एम्समधल्या नवजात बाळात सापडलेल्या ११६ई या स्ट्रेनपासूनच बनली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटासिल लसीत जी१, जी२, जी३, जी४ आणि जी९ असे पाच प्रकार आहेत.

म्हणून रुग्णालयाने शीचा नमुना मागितला तर जरूर द्या. पहिल्या दोन-तीन दिवसांतला द्या, स्वच्छ डबीत, थंड ठेवून. डायपर सगळं शोषून घेतो. तो उचलून नेऊ नका.

पण रिपोर्टसाठी थांबू नका. स्ट्रेन कुठलाही असो, उपचार तोच. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धी पुडी अंदाजाने कालवणं घातक. चमच्या-चमच्याने पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध तोडू नका. डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. दुकानातली गोड फळपेयं ओआरएसच्या जागी नकोत. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पाणी पोटात टिकेना किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

नातीला सलाइन लागलं नाही. तिचे रोटाव्हायरस लसीचे तिन्ही डोस झाले होते. लस संसर्ग पूर्ण अडवत नाही, पण आजार विकोपाला जाण्याचा धोका कमी करते. २०१९पासून महाराष्ट्रात या लसीचे थेंब सरकारी लसीकरणात फुकट मिळतात, ६, १० आणि १४व्या आठवड्यात. पहिला डोस वर्षाच्या आत झाला नाही, तर तिथे पुढे तो मिळत नाही. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं लसीचं कार्ड आजच काढून बघा.