संगणकावरील पाऊलखुणा

ताडोब्याच्या जंगलात वनरक्षक सकाळी वाटेवरचा पंजा पाहतो, तेव्हा त्याला वाघ दिसलेला नसतो. तरीही रात्री कोण आले व कोणत्या दिशेने गेले हे तो सांगू शकतो, कारण त्या वाटेचे रोजचे रूप त्याला ठाऊक असते. २००६ पासून राष्ट्रीय व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅप आले. पण छायाचित्राचा अर्थ लावायला माणूस लागतोच. संगणकांत चोरपावलांनी शिरणाऱ्यांचा माग काढण्याची विद्याही याच तत्त्वावर उभी आहे. तिची तोंडओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आपल्या कार्यालयांतील संगणक बहुधा विंडोज प्रणालीवर चालतात. परंतु संकेतस्थळे, निकाल व बँकांचे व्यवहार ज्या सर्व्हरांवर चालतात, त्यांपैकी फार मोठा भाग लिनक्सवर चालतो. फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली ही खुली प्रणाली भक्कम आहे खरी. पण ‘लिनक्सला बाधा होत नाही’ हा समज मात्र चुकीचा आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुटीचा दिवस. त्या दिवशी बनावट कार्डांच्या साहाय्याने भारतासह अनेक देशांतील एटीएममधून रक्कम काढली गेली. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळविण्यात आले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा होता. एटीएम पैसे देण्यापूर्वी ‘स्विच’ नावाच्या मध्यस्थ यंत्रणेमार्फत बँकेला विचारते. हल्लेखोरांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला व तोच परस्पर ‘होय’ म्हणत राहिला. प्रश्न बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत पोहोचलाच नाही. पैसे काढणाऱ्या साखळीतील ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरविले.

स्विचला अशाच रीतीने खोटे बोलायला लावणाऱ्या ‘फास्टकॅश’ या घातक प्रोग्रॅमविषयी अमेरिकी शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये इशारा दिला. त्याची लिनक्ससाठी घडविलेली आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये उजेडात आली. ती चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या स्मृतीत शिरते आणि ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ हा नकार मंजुरीत बदलते.

असा पाहुणा ओळखावयाचा कसा? यासाठी प्रत्येक यंत्रावर एक टेहळणी प्रोग्रॅम बसवितात. त्याला ‘एजंट’ म्हणतात. कोणता प्रोग्रॅम केव्हा सुरू झाला, तो कोणी सुरू केला, कोणत्या फाइलींत बदल झाला, कोणत्या पत्त्याशी संपर्क झाला, याची नोंद तो मध्यवर्ती ठिकाणी पाठवितो. या नोंदींतून तयार होतो तो ‘एंडपॉइंट सुरक्षा अहवाल’.

एक काल्पनिक नोंद घेऊ. रात्री २ वाजून १४ मिनिटांनी संकेतस्थळाच्या सर्व्हरवर, वेब सर्व्हरच्या खात्यातून, अपाची या प्रोग्रॅमने शेल सुरू केला. शेलने टीएमपी या तात्पुरत्या कप्प्यात एक फाइल उतरवून चालविली. त्या फाइलीने बाहेरच्या अनोळखी पत्त्याशी संपर्क साधला. शेल म्हणजे यंत्राला आज्ञा देण्याची खिडकी. यांतील सुटी घटना घेतली तर ती निरुपद्रवी ठरू शकेल. पण पाने वाढण्याचे काम असलेल्या अपाचीने आज्ञांची खिडकी कशाला उघडावी? म्हणून कोणत्या प्रोग्रॅमने कोणाला जन्म दिला, ही वंशावळ प्रथम पाहावी.

आणखीही खुणा आहेत. एसएसएचद्वारे प्रवेशाचे शेकडो प्रयत्न फसून अखेरीस एक सफल होणे. ठरल्या वेळी कामे करणाऱ्या क्रॉनच्या यादीत कोणी न सांगितलेली ओळ येणे. प्रवेशाच्या किल्ल्यांत नवी किल्ली दिसणे. डिस्कवरून पुसलेली फाइल स्मृतीत चालूच असणे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या स्मृतीत लिहिणे. विनाकारण प्रोसेसर तापणे. एरवी दररोज येणारा अहवाल एकाएकी थांबणे हीदेखील खूणच समजावी. चोर प्रथम राखणदाराला गप्प करतो.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित अशी साधनचिकित्सा उपयोगी पडते. एका कागदावर विसंबून आपण निष्कर्ष काढीत नाही. त्याचप्रमाणे एजंटची नोंद प्रवेशाच्या नोंदवहीशी व जाळ्याच्या नोंदींशी ताडून पाहावी. सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत, अन्यथा घटनांचा क्रमच लागत नाही. रात्रीची हालचाल कधी नेहमीच्या बॅकअपचीही असते. म्हणून यंत्राचा दिनक्रम आधी लिहून ठेवावा. नेहमीचे काय हे माहीत नसलेल्यास वावगे काय हे कळत नाही.

संशय बळावल्यास यंत्र घाईने बंद करू नये. स्मृतीतील पुरावा त्यामुळे नष्ट होतो. ते जाळ्यापासून अलग करावे, स्मृतीची प्रत घ्यावी आणि तीच खूण इतर यंत्रांवर शोधावी. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती ६ तासांत कळविणे व नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यांत तज्ज्ञ दाराशी नसतो, आणि गावकऱ्यांची पुंजी मात्र आज अशाच यंत्रांच्या हवाली आहे. अहवाल यंत्र लिहिते. वाचावयाचा तो माणसाने. सुटीच्या दिवशीही तो कोण वाचणार, हे प्रत्येक संस्थेने आधीच नेमून द्यावे. बारकाईने वाचणे व शंका विचारणे हे शिक्षण कला शाखेत आपणांस मिळते. या नव्या विद्येत त्याचे मोल मोठे आहे.