छिन्नमनस्कता, औषध आणि हिंसेचे भय

घरचा माणूस एकटाच बडबडू लागला, ‘लोक मला मारायला टपलेत’ म्हणू लागला, की आपण अंगारे-धुपारे करतो. चिडला तर बांधून ठेवतो. परंतु ही बाहेरची बाधा नसून छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया हा आजार आहे. याचे बहुतेक रुग्ण कोणावरही हात उगारीत नाहीत. संशय व भास बळावले, त्यात दारूची भर पडली, तर मात्र धोका वाढतो.

१९५२ पासून वापरात आलेली या आजाराची औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यास आवर घालतात. भास ओसरले की भीतीपोटी होणारी हिंसाही घटते. स्वीडनमधील ८२,६४७ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याच व्यक्तींच्या औषध चालू व बंद काळाची तुलना करता, ही औषधे चालू असताना हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी आढळले.

म्हणून बरे वाटले तरी गोळी परस्पर बंद करू नये. झोप, वजन वाढल्यास डॉक्टरांना सांगावे. रुग्णास साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा साखळी सोडा आणि जिल्हा रुग्णालयाची वाट धरा!