आधी लेन्स, मग बॉडी

निकॉनने १९५९ साली ‘एफ’ हा कॅमेरा आणला, तेव्हा लेन्स अडकवण्यासाठी जो माउंट ठरवला तोच कंपनीने डीएसएलआरच्या शेवटच्या मॉडेलांपर्यंत चालू ठेवला. २०२० सालच्या ‘डी६’लाही तोच एफ माउंट आहे. त्यामुळे घरातल्या कपाटात रोलच्या कॅमेऱ्याची निकॉन लेन्स पडून असली, तर ती नव्या डीएसएलआरवर बहुधा बसते. पण बसते म्हणजे चालतेच असं नाही, आणि पहिला डीएसएलआर घेणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते.

माझ्या भाचीचं तेच झालं. तिच्या बाबांकडे रोलच्या जमान्यातली ५० एमएम, एफ/१.८ ची ‘डी’ लेन्स होती. कॉलेजला असताना तिने साठवलेल्या पैशांतून निकॉनचा ‘डी३४००’ घ्यायचं ठरवलं आणि दुकानात स्पष्ट विचारलं, “बाबांची जुनी लेन्स यावर चालेल ना?” दुकानदार म्हणाला, “निकॉनची कुठलीही लेन्स चालते, ताई.” घरी आल्यावर लेन्स चढवली, तर आधी पडद्यावर ‘एफईई’ अशी खूण आली. लेन्सवरची ॲपर्चरची रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे २२ वर, नेऊन लॉक केल्यावर ती गेली. मग बटण अर्धं दाबलं, तर फोकस जागचा हलेना.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. ‘डी’ लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेत ती दिलेलीच नाही. डी९०, डी७००० ते डी७५००, डी६१०, डी७५० या बॉडींमध्ये ती आहे. मोटर नसलेल्या बॉडीवर फोकस हाताने लावावा लागतो. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, तो स्थिर झाला की फोकस लागला असं समजायचं. स्थिर वस्तूसाठी हे जमतं. माझ्या मुलाच्या मुंजीत ती हौसेने फोटो काढत होती. मातृभोजनाच्या कितीतरी फोटोंत मागची भिंत लख्ख आणि आई-मुलाचे चेहरे धूसर आले. एफ/१.८ वर फोकसची पट्टी फार अरुंद असते, माणसं हलत असतात आणि स्वस्त बॉडीचा व्ह्यूफाइंडर लहान असतो. तिचा हात तयार नव्हता असं मला अजिबात वाटत नाही. तिने योग्य प्रश्न विचारला होता, तिला उत्तर चुकीचं मिळालं.

म्हणून घरात जुनी लेन्स असेल तर ती पिशवीत घालून दुकानात न्यावी. बॉडीवर चढवावी, बटण अर्धं दाबावं आणि फोकस फिरतो का ते तिथेच बघावं. नवी निकॉन लेन्स घेताना तिच्यावर ‘एएफ-एस’ लिहिलेलं असावं. ‘एएफ-पी’ लेन्समध्येही मोटर असते, पण ती डी३४०० वर चालते आणि जुन्या डी३२०० वर फोकस करत नाही. कॅननवाल्यांना ही डोकेदुखी नाही, कारण १९८७ मध्ये ईएफ माउंट आला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच आहे. तिथली अडचण वेगळी. त्याआधीच्या एफडी लेन्स ईएफ बॉडीवर थेट बसत नाहीत, आणि लहान सेन्सरसाठी केलेल्या ईएफ-एस लेन्स फुलफ्रेम डीएसएलआरवर चढत नाहीत.

दुकानात पहिल्यांदा ऐकू येतो तो मेगापिक्सेलचा आकडा. कॅननचा ‘३००डी’ २००३ मध्ये सुमारे सहा मेगापिक्सेलचा होता आणि त्यावर दहा इंच रुंदीचा उत्तम प्रिंट निघत असे. आज साध्यातला डीएसएलआरही चोवीस मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे ६००० बाय ४००० बिंदू. तीनशे डीपीआयने छापला तरी प्रिंट वीस इंच रुंद होतो. भिंतीवर याहून मोठी फ्रेम कितीजण लावतात? या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

पैसे लेन्सवर घालावेत. किटमधली १८-५५ लेन्स ५५ वर नेली की तिचं ॲपर्चर एफ/५.६ पर्यंतच उघडतं. एफ/१.८ ची लेन्स तिच्या नऊपटींहून जास्त उजेड आत घेते. म्हणजे ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये किट लेन्सला १/१५ सेकंद लागत असेल, तिथे हिला १/१२५ पुरतं. पळणारं मूल १/१५ ला हमखास हलतं. मात्र सगळे जण ‘५० घ्या’ म्हणतात ते जरा थांबून ऐकावं. निकॉनच्या लहान सेन्सरवर ५० एमएम लेन्स ७५ सारखी वागते, कॅननवर ८० सारखी. मुंबईच्या वन-बीएचकेत घरच्या चौघांना फ्रेममध्ये घ्यायला मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते. घरातल्या फोटोंसाठी निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स किंवा कॅननची २४ एमएम एफ/२.८ जास्त उपयोगी. भिगवणचे रोहित किंवा ताडोबातला वाघ डोळ्यांसमोर असेल, तर आधी ७०-३०० किंवा ५५-२५० घ्यावी आणि बाकी पुढे बघावं.

नवं मॉडेल म्हणजे जास्त सोयी, हाही समज सोडावा. डी३३०० ला माइक लावायची सोय होती, त्यानंतरच्या डी३४०० मधून ती काढली गेली. कॅननच्या ३००० डी चा लेन्स माउंट प्लास्टिकचा आहे, आणि त्याच्या हॉट शूमध्ये मधली पिन नाही, म्हणून साधे फ्लॅश ट्रिगर त्यावर चालत नाहीत. ज्याला पुढे लग्नाची किंवा स्टुडिओची कामं करायची आहेत, त्याने ही पिन आधी बघावी. बॅटरीतही फरक फार. डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो देतो, कॅननचा १५००डी ५००. दिवसभराच्या ट्रेकमध्ये हा फरक जाणवतो.

खोका फोडण्याआधी त्यावरचं लेबल वाचावं. आयात केलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल, किंवा बॉडीखालचा सिरीयल नंबर खोक्याशी जुळत नसेल, तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघावं. अशा मालाला भारतातली वॉरंटी मिळेल याची शाश्वती नसते. बॅग, ट्रायपॉड, फिल्टर, कार्ड असा ‘कॉम्बो’ समोर ठेवला, तर नुसत्या कॅमेऱ्याचा भाव वेगळा लिहून मागावा. डगमगणारा ट्रायपॉड फुकटही महागच पडतो, असं माझं ठाम मत आहे.

२०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट आणल्यापासून नवं काम बहुतेक मिररलेसवरच चाललं आहे. म्हणून डीएसएलआर घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. उलट हौशी लोक मिररलेसकडे वळले की त्यांच्या चांगल्या बॉडी आणि लेन्स जुन्या बाजारात येतात. विद्यार्थ्यासाठी ही मोठी संधी आहे. ईएफ लेन्स पुढे ॲडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरवर एएफ-एस लेन्स चालतात, ‘डी’ लेन्सचा फोकस मात्र तिथेही हातानेच.

जुना कॅमेरा बघायला जाताना मोबाइलची टॉर्च पुरे. लेन्स दोन्ही बाजूंनी उघडी धरून आरपार उजेड टाकावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी, अशी लेन्स घेऊ नये. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. ती साफ होते, पण भाव करताना तो खर्च धरावा. शटर किती वेळा चाललं, हा आकडा निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच सापडतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, तिथे सर्व्हिसची कागदपत्रं मागावीत. साध्या बॉडींचं शटर साधारण एक लाख फोटोंपर्यंत टिकेल असं धरतात.

घरी आणल्यावर कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळाभर लेन्स चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत ठेवू नये, बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढं पुरतं. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहू द्यावा. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं, तर ते कधी ओलं झालं ते कळतं, आणि गरम करून वाळवलं की पुन्हा वापरता येतं.